अंधारातली ऊब : टायटॅनिकच्या टेहळ्यापासून हातातल्या थर्मल कॅमेऱ्यापर्यंत

१४ एप्रिल १९१२ ची रात्र. उत्तर अटलांटिक महासागर आरशासारखा निश्चल होता. आकाशात चंद्र नव्हता, वारा नव्हता, त्यामुळे हिमनगाच्या पायथ्याशी फुटून पांढरी रेघ उमटवणाऱ्या लाटाही नव्हत्या. टायटॅनिकच्या डोलकाठीवरील टेहळणीच्या पाळण्यात फ्रेडरिक फ्लीट आणि रेजिनाल्ड ली हे दोन खलाशी उभे होते. दुर्बीण त्यांच्यापाशी नव्हती. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी जहाजाची हिमनगाशी धडक झाली, आणि त्याच्या जेमतेम काही क्षण आधी फ्लीटने घंटेचे तीन टोल देऊन धोक्याची सूचना केली होती.

पुढे अमेरिकी सिनेटच्या चौकशीत फ्लीटला विचारले गेले की, दुर्बीण असती तर हिमनग आधी दिसला असता का? थोडा आधी दिसला असता, जहाज वळवून सुटण्यापुरता आधी, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. या उत्तरावर शंभर वर्षे वाद झडत आहेत. अंधाऱ्या रात्री दुर्बीण डोळ्याला कितपत मदत करते, हा त्यातला खरा मुद्दा, आणि तो बहुधा बाजूलाच राहतो.

त्याच रात्रीचा दुसरा प्रसंग तुलनेने कमी सांगितला जातो. पहाटे २ वाजून २० मिनिटांनी जहाज बुडाले. सुमारे दीड हजार माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतली बरीचशी बुडून नव्हे, तर थंडीने गेली; पाण्याचे तापमान उणे २ अंश सेल्सियसच्या आसपास होते. पाचवा अधिकारी हॅरल्ड लो याने काही जीवनरक्षक होड्या एकत्र आणल्या, आपल्या होडीतील प्रवासी त्यांत उतरवले आणि रिकामी झालेली १४ क्रमांकाची होडी घेऊन तो माणसे शोधायला परत निघाला. मात्र होडीवर झुंबड उडून ती उलटू नये म्हणून पाण्यातला आक्रोश विरळ होईपर्यंत तो थांबला होता. त्यानंतर त्या काळोखात त्याच्या हाताला चार माणसे लागली. त्यांतला एक जण होडीतच दगावला.

या एका रात्रीने समुद्रावरच्या अंधाराचे दोन निरनिराळे प्रश्न मांडून ठेवले. फ्लीटचा प्रश्न असा : समोरचा अडथळा वेळेत कसा दिसावा? आणि लोचा प्रश्न असा : पाण्यात तरंगणारे, अजून उबदार असलेले माणूस अंधारात कसे सापडावे? आज बोटीवर हातात धरून वापरता येणारा छोटा थर्मल कॅमेरा या दोन्ही प्रश्नांवर उपाय म्हणून विकला जातो. त्याचा इतिहास पाहिला, तर मात्र पहिल्या प्रश्नामागे धावता धावता दुसऱ्याचे उत्तर हाती आले, आणि तेही जवळपास शतकभर उशिरा, असे दिसते. या धाग्यात त्या प्रवासाची कथा.

कथेचा प्रारंभ सन १८०० मध्ये इंग्लंडात होतो. विल्यम हर्शेल हा मूळचा हॅनोव्हरचा संगीतकार, पुढे खगोलशास्त्रज्ञ झालेला. १७८१ मध्ये युरेनस शोधून त्याने कीर्ती मिळवली होती. सूर्याचे निरीक्षण करताना डोळा भाजू नये म्हणून तो निरनिराळ्या रंगांच्या काचा वापरून पाहत असे. काही काचांतून उजेड कमी येई, पण उष्णता बरीच जाणवे. काहींचे नेमके उलट. मग त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि एकेका रंगात तापमापी ठेवून पाहिली. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना पारा चढत गेला. तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे तो आणखी चढला.

आज आपण ज्यांना अवरक्त किरण म्हणतो, त्यांची ही पहिली नोंद. डोळ्यांनी दिसते तेवढ्यावर सृष्टी संपत नाही, हे तत्त्वज्ञांचे जुने म्हणणे एका साध्या तापमापीने सिद्ध केले होते.

विल्यमचा मुलगा जॉन हर्शेल यानेच १८४० मध्ये उष्णतेचे पहिले चित्र मिळवले. काजळी धरलेला कागद मद्यार्काने भिजवून त्यावर सूर्याचा वर्णपट पाडला की, जिथे उष्णता अधिक तिथला मद्यार्क आधी उडून जातो, आणि कागदावर फिके-गडद डाग उमटतात. चित्र क्षणभंगुर होते, पण चित्र होते. दरम्यान इटलीत मेलोनीने थर्मोपाइल, म्हणजे उष्णतेवर विजेचा किंचित प्रवाह देणाऱ्या धातुजोडांची माळ, इतकी संवेदनशील केली की काही पावलांवर उभ्या असलेल्या माणसाची ऊब तिला कळे. १८८० च्या सुमारास अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युअल लँग्ली याने बोलोमीटर बनवला. तत्त्व सोपे : प्लॅटिनमची काळवंडलेली, अतिशय पातळ पट्टी, तिच्यावर उष्णता पडली की तिचा विद्युतरोध बदलतो, आणि तो बदल मोजता येतो. सुधारलेल्या बोलोमीटरला सुमारे ४०० मीटरवरची गाय कळते, अशी त्याची ख्याती होती. ही पट्टी लक्षात ठेवावी. धाग्याच्या उत्तरार्धात ती पुन्हा भेटणार आहे, फक्त केसाहूनही बारीक होऊन.

टायटॅनिकनंतर हिमनग ओळखण्याच्या कल्पनांचा पूर आला. लुईस फ्राय रिचर्डसन याने अपघात घडला त्याच वर्षी प्रतिध्वनीच्या साहाय्याने अडथळा ओळखण्याच्या पद्धतीवर पेटंटसाठी अर्ज केला. रेजिनाल्ड फेसेंडेनच्या यंत्राने २७ एप्रिल १९१४ रोजी ‘मायामी’ या अमेरिकी जहाजावरून हिमनगाचा प्रतिध्वनी प्रत्यक्ष टिपला. आणि १९१३ मध्ये बेलिंगहॅम नावाच्या संशोधकाने आरसा आणि थर्मोपाइल वापरून हिमनग व आगबोटी ओळखण्याची युक्ती सुचवली. आरशाने दूरवरून येणारी उष्णता एका बिंदूवर गोळा करायची, तिथे थर्मोपाइल ठेवायचा आणि काटा हलतो का ते पाहायचे. औष्णिक किरणांनी समुद्रावरचा धोका ओळखण्याची कल्पना अशा रीतीने टायटॅनिकच्या पुढच्याच वर्षी जन्माला आली.

ती रुजली मात्र नाही. कारणे कल्पनेत कमी आणि भौतिकशास्त्रात अधिक होती. थर्मोपाइल म्हणजे एकच बिंदू. त्याला चित्र दिसत नाही, फक्त काटा इकडे की तिकडे एवढे कळते. डुलणाऱ्या जहाजावर तो काटा आकाश, लाट, जहाजाचा स्वतःचा धूर अशा सगळ्यांनी हलणार. शिवाय हिमनग थंड असला, तरी त्याच्याभोवतीचे पाणीही गोठण्याच्या बेतात असते. दोहोंच्या तापमानातला फरक मुळातच तोकडा, आणि असे यंत्र तर फरकावरच जगते. म्हणजे या यंत्रासाठी हिमनग हे चांगले सावज नव्हतेच. जिवंत माणूस होता. परंतु १९१३ मध्ये साऱ्या जगाच्या डोळ्यांपुढे हिमनग उभा होता. १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, हिमनगांवर नजर ठेवणारी गस्त सुरू झाली, आणि अंधारात पाहण्याचे काम पुन्हा टेहळ्याच्या डोळ्यांवर आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांवर सोपवले गेले.

त्या दिव्यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिचा धागा थेट थर्मल कॅमेऱ्याशी जुळतो.

गुस्ताफ डालेन हा स्वीडनमधील स्टेनस्टोर्प गावचा शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८६९ चा. तरुणपणी त्याने दुधातील स्निग्धांश मोजण्याचे एक उपकरण बनवले आणि प्रसिद्ध संशोधक दे लाव्हाल यांना दाखवले. त्यांनी दिलेला सल्ला त्याने मानला आणि रीतसर अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पुढे तो गॅस साठवणाऱ्या एका कंपनीत आला. १९०९ मध्ये तो तिचा प्रमुख झाला. ही कंपनी ‘आगा’ या आद्याक्षरांच्या नावाने जगभर ओळखली गेली.

स्वीडनचा किनारा खडकाळ, बेटाबेटांचा. दर खडकावर दीपगृह बांधून त्यात रखवालदार ठेवणे अशक्य. ॲसिटिलीनची ज्योत लख्ख, पण हा वायू दाबाखाली स्फोटक होतो. डालेनने त्यावर एकामागून एक तोडगे काढले. टाकीत सच्छिद्र पदार्थ भरून, त्यात ॲसिटोन जिरवून वायू सुरक्षितपणे साठवला. दिवा सतत न जळता ठरावीक लयीत क्षणभर उजळावा, अशी झडप केली. त्यामुळे वायूची प्रचंड बचत झाली आणि प्रत्येक दिव्याला स्वतःची ओळखही मिळाली. शिवाय १९०७ मध्ये त्याने ‘सूर्यझडप’ बनवली. तिच्यात तीन दांड्या चकचकीत आणि चौथी काळी. उजाडले की काळी दांडी प्रकाश शोषून किंचित तापते, प्रसरण पावते आणि वायूची वाट बंद करते. अंधारले की ती आकसते आणि दिवा आपोआप पेटतो. माणूस नाही, घड्याळ नाही, वीज नाही. काळी दांडी आणि चकचकीत दांड्या यांच्या लांबीतला केसभर फरक, एवढ्यावर महिनोन्‌महिने एकटा खडक जहाजांना इशारा देत राही.

२७ सप्टेंबर १९१२ रोजी, टायटॅनिक बुडाल्यावर साडेपाच महिन्यांनी, वायूच्या टाक्यांच्या दाबाची चाचणी घेताना स्फोट झाला आणि डालेनची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. त्याच वर्षीचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला जाहीर झाले, दीपगृहांच्या आणि तरंगत्या दिव्यांच्या स्वयंचलित नियंत्रकांसाठी. समारंभाला तो जाऊ शकला नाही. पारितोषिक स्वीकारले त्याच्या भावाने, आल्बिन डालेनने. आणि आल्बिन व्यवसायाने नेत्रतज्ज्ञ होता. एखाद्या कादंबरीकाराने असा योगायोग रचला असता, तर तो कृत्रिम म्हणून नाकारला गेला असता. गुस्ताफ डालेनने मात्र कंपनी सोडली नाही. १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, तो दृष्टिहीन अवस्थेत तिचा कारभार पाहत होता.

त्याच्या दिव्यांमागचे तत्त्व असे होते की, धोका स्वतःच उजेड दाखवून सांगेल : मी इथे आहे. खडकासाठी हे उत्तम. पण पाण्यात पडलेल्या माणसापाशी दिवा नसतो, आणि भरकटलेल्या ओंडक्यापाशीही नाही. अंधारातली वस्तू स्वतः काही न सांगता ओळखायची, तर दुसरा मार्ग शोधायला हवा होता, आणि तो मार्ग तोवर लष्करांच्या ताब्यात गेला होता.

पहिल्या महायुद्धात दोन्ही बाजूंनी औष्णिक किरणांवर संशोधन केले. दीड किलोमीटरवरचे विमान आणि ३०० मीटरवरचा माणूस ओळखणारी यंत्रे तेव्हा चाचणीपर्यंत पोहोचली होती. १९२९ मध्ये हंगेरीचा काल्मान तिहान्यी याने ब्रिटनच्या हवाई संरक्षणासाठी अवरक्त किरण टिपणारा दूरचित्रवाणी कॅमेरा तयार केला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांकडे आणि अमेरिकनांकडे रात्री नेम धरण्याच्या दुर्बिणी आल्या. इथे एक गल्लत नेहमी होते, ती दूर केलेली बरी.

‘नाइट व्हिजन’ या एकाच नावाखाली तीन निराळ्या वस्तू वावरतात. पहिली, महायुद्धातली : स्वतःच अदृश्य अवरक्त झोत सोडायचा आणि परावर्तित किरण पाहायचे. दुसरी, नंतरची : चांदण्यांचा किंचित उजेड हजारो पटींनी वाढवून हिरवट चित्र दाखवायचे. या दोन्हींना प्रकाश लागतो, आपला किंवा ताऱ्यांचा. बंदराजवळ आल्यावर किनाऱ्यावरचे झगझगीत दिवे दुसऱ्या प्रकारच्या दुर्बिणीला दिपवून टाकतात, आणि नेमकी तिथेच बोटींची गर्दी असते. तिसरी वस्तू म्हणजे थर्मल कॅमेरा. त्याला प्रकाश लागतच नाही. निरपेक्ष शून्याच्या वर तापमान असलेली प्रत्येक वस्तू किरण सोडते. माणूस, लाट, लाकूड, इंजिन, सगळेच. आपल्या नेहमीच्या तापमानाला या किरणांचा भर सुमारे १० मायक्रॉन तरंगलांबीवर असतो, आणि सुदैवाने ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात हवा बऱ्यापैकी पारदर्शक असते. थर्मल कॅमेरा या खिडकीतून पाहतो.

पाहणे सोपे नव्हते. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत लष्करासाठी बनलेल्या यंत्राला एक औष्णिक चित्र पूर्ण करायला तास लागे. तेवढ्या वेळात समुद्रावरची बोट क्षितिजापार गेलेली असेल. १९५९ मध्ये ब्रिटनमधील माल्व्हर्न येथील लॉसन आणि सहकाऱ्यांनी पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांचे संयुग पुढे आणले आणि वेगवान, तीक्ष्ण संवेदक शक्य झाले. पण हे संवेदक द्रव नायट्रोजनच्या थंडीत, उणे १९६ अंशांवर, ठेवावे लागत. नाहीतर त्यांच्या स्वतःच्या उष्णतेतच समोरची उष्णता हरवून जाई.

आणि इथे डालेनची कंपनी परत येते. १९६५ मध्ये बाजारात आलेला पहिला व्यावसायिक थर्मल कॅमेरा आगा कंपनीचा होता. खडकांवर दिवे लावणाऱ्या, अंध संस्थापकाच्या पुण्याईवर उभ्या असलेल्या कंपनीने अंधारात दिव्याविना पाहणारे यंत्र विकायला काढले. हा कॅमेरा समुद्रासाठी नव्हता. उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांवरचे तापलेले सांधे शोधण्यासाठी होता. त्याच वर्षी जानेवारीत साउदॅम्प्टनमध्ये फ्रेडरिक फ्लीटचे निधन झाले.

१९६९ च्या आगा कॅमेऱ्याचा पसारा पाहिला, की तो होडीवर का आला नाही ते वेगळे सांगावे लागत नाही. कॅमेरा सुमारे २५ किलोचा, चित्र दाखवणारा ऑसिलोस्कोप २० किलोचा, तिपाई १५ किलोची. शिवाय वीज देणारा जनरेटर आणि द्रव नायट्रोजनची १० लिटरची बरणी. मोठ्या युद्धनौकेला हे जमले असते. मच्छीमाराला, तांडेलाला किंवा हौशी शिडाच्या बोटीवाल्याला नव्हे.

थंडीची ही अट ज्याने मोडली, ते तंत्र अमेरिकेत हनीवेल कंपनीच्या प्रयोगशाळेत लष्करी पैशावर १९८० च्या दशकात घडले. नाव मायक्रोबोलोमीटर. म्हणजे लँग्लीचीच पट्टी, फक्त सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेली, काही दशांश मायक्रॉन जाडीची, नाजूक पायांवर अधांतरी उभी, वर व्हॅनेडियम ऑक्साइडचा थर. किरण पडले की पट्टी अंशाच्या सूक्ष्म भागाने तापते, विद्युतरोध बदलतो. अशा हजारो पट्ट्या ओळीने मांडल्या की चित्र होते, आणि नायट्रोजनची बरणी लागत नाही. लँग्लीने या बदलाचे मोजमाप केले त्याला तेव्हा शंभर वर्षे होऊन गेली होती. हे काम अमेरिकी सरकारने गुप्त ठेवले आणि १९९२ मध्ये गुप्ततेतून मोकळे केले. त्यानंतर इतर कंपन्यांना परवाने मिळाले, आणि फ्रान्समध्ये सिलिकॉनवर आधारलेला पर्यायही विकसित झाला.

गुप्तता उठल्यानंतरचा क्रम बोलका आहे. आधी अग्निशमन दले, कारखाने, मग आलिशान मोटार : २००० सालच्या कॅडिलॅक डेव्हिल गाडीत पर्याय म्हणून थर्मल कॅमेरा बसवून मिळत होता, रस्त्यावरचे हरण आधी दिसावे म्हणून. होडीवरच्या माणसाच्या हातात बसेल असा, पाण्याने न बिघडणारा, समुद्रासाठीच म्हणून विकला जाणारा छोटा कॅमेरा २०१० च्या आसपास आला. त्याची प्रमुख उत्पादक फ्लिर ही अमेरिकी कंपनी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिने आगाच्या अवरक्त विभागातून उभी राहिलेली आगेमा ही स्वीडिश कंपनी विकत घेतली होती. म्हणजे डालेनच्या घराण्याची एक शाखा अखेर समुद्रावर परतली. फ्लिर स्वतः २०२१ मध्ये टेलिडाइन कंपनीत विलीन झाली.

या छोट्या यंत्राला काय दिसते आणि काय नाही, हे समजल्याशिवाय त्याच्या इतिहासाला अर्थ येत नाही.

धावत्या बोटीचे इंजिन, धुरांडे, डेकवरचा माणूस, किनाऱ्याची रेघ, दिवसभर तापलेला खडक, पुलाचा खांब, हे सगळे काळोखात स्वच्छ उमटते. पाण्याखालचा खडक दिसत नाही, कारण पाण्याचा अगदी पातळ थरही हे किरण पूर्णपणे अडवतो. काचेतूनही दिसत नाही. म्हणून भिंग काचेचे नसून जर्मेनियमचे असते, आणि केबिनच्या काचेआडून पाहणाऱ्याला बाहेरच्या समुद्राऐवजी स्वतःचेच धूसर प्रतिबिंब दिसते. दाट धुके आणि मुसळधार पाऊस पल्ला कापून टाकतात. वस्तू किती लांब आहे हे कॅमेरा सांगत नाही. ते काम रडारचेच. जीवनरक्षक जाकिटाचा भगवा रंग इथे निरुपयोगी ठरतो. भिजून पाण्याच्याच तापमानाला आलेले कापड पाण्यातच मिसळून जाते. उमटतो तो चेहरा.

किती मोठा उमटतो, याचा साधा हिशेब करता येतो. २४ अंशांचे दृश्य २४० बिंदूंत मांडणारा कॅमेरा घेतला, तर एका बिंदूच्या वाट्याला दहावा भाग अंश येतो. १०० मीटरवर ही रुंदी साधारण १७ सेंटिमीटर होते, म्हणजे पाण्यावर दिसणारे डोके जेमतेम एका बिंदूएवढे. ३०० मीटरवर एक बिंदू अर्ध्या मीटरहून रुंद होतो आणि डोक्याची ऊब भोवतालच्या पाण्यात वाटली जाते. जाहिरातींतले मोठे पल्ले उभ्या माणसाला धरून मोजलेले असतात. पाण्यातला माणूस उभा नसतो.

तरीही लोच्या त्या रात्रीची कल्पना करावी. उणे दोन अंशांचे पाणी आणि त्यावर वीस-पंचवीस अंशांचा चेहरा. थर्मल कॅमेऱ्यासाठी याहून ठळक लक्ष्य शोधूनही सापडणार नाही. मात्र तिथे माणसापाशी वेळ नसतो. एवढ्या थंड पाण्यात थोड्याच वेळात हातपाय साथ सोडतात. अरबी समुद्रात उलटे आहे. पाणी २८ ते ३० अंशांचे, माणूस तासन्‌तास तग धरू शकतो, पण चेहरा आणि पाणी यांत काही अंशांचाच फरक उरतो, त्यात दमट हवा किरण शोषून घेते. जिथे यंत्राची नजर तीक्ष्ण, तिथे वेळ थोडा. जिथे वेळ आहे, तिथे नजर मंद. उत्तरेच्या थंड समुद्रांसाठी छापलेल्या माहितीपत्रकांत हा फरक ठळकपणे आढळत नाही.

आणखी एक मर्यादा निसर्गाची नव्हे, राजकारणाची आहे. चांगला थर्मल कॅमेरा हे शस्त्राचेही अंग असल्याने अमेरिकेने त्याच्या निर्यातीवर बंधने ठेवली. सेकंदाला ९ किंवा त्याहून कमी चित्रे दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांना त्यांतून बरीच सवलत मिळते. त्यामुळे जगभर विकल्या जाणाऱ्या हातातल्या अनेक सागरी कॅमेऱ्यांचे चित्र ९ हर्ट्झच्या आसपास अडखळत चालते. स्थिर जमिनीवर हे चालून जाते. हेलकावणाऱ्या बोटीवर, क्षणभर लाटेवर येऊन पुन्हा दिसेनासा होणारा एक बिंदू शोधताना तो अडखळा जाणवतो. क्षेपणास्त्राची नेमबाजी रोखण्यासाठी लावलेला लगाम पाण्यात पडलेल्या माणसालाही लागू होतो, हे या तंत्राच्या वंशावळीतून आलेले आहे.

कायद्याने टेहळणीची जबाबदारी मात्र कधीच सैल केली नाही. समुद्रावरील टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम सांगतो की, प्रत्येक जहाजाने डोळ्यांनी, कानांनी, तसेच परिस्थितीला योग्य अशा सर्व उपलब्ध साधनांनी सतत टेहळणी ठेवली पाहिजे. डोळे आणि कान आधी येतात, साधने नंतर. थर्मल कॅमेरा हातात आला म्हणून फ्लीटची जागा रिकामी होत नाही. उलट लहानशा पडद्याकडे पाहत राहणाऱ्याच्या डोळ्यांची अंधाराला सरावलेली नजर काही काळ मोडते, आणि ती परत यायला बराच वेळ लागतो. अनुभवी खलाशी म्हणूनच पडदा मंद ठेवतात आणि क्षणभर पाहून पुन्हा मोकळ्या डोळ्यांनी क्षितिज न्याहाळतात.

आपल्या किनाऱ्याशी या कथेचा संबंध आहे, तो दीपगृहांच्याच वाटेने. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत शिरले. ‘कुबेर’ ही मासेमारी बोट त्यांनी वाटेत ताब्यात घेतली होती. किनाऱ्याजवळ ते रबरी होडीतून आले आणि कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. तिथे त्यांना पाहिले आणि हटकले ते वस्तीतल्या माणसांनी, आपल्या साध्या डोळ्यांनी. त्यानंतर देशाच्या किनाऱ्यावर रडार आणि दिवसरात्र पाहणाऱ्या कॅमेऱ्यांची साखळी उभी राहिली. पहिल्या टप्प्यात ४६ केंद्रे होती : ३६ मुख्य भूमीवर, ६ लक्षद्वीपमध्ये, ४ अंदमान-निकोबारमध्ये. त्यांतली अनेक दीपगृहांच्या आवारातच उभारली गेली, कारण उंच आणि समुद्रावर मोकळी नजर टाकणारी जागा शतकापूर्वीच्या लोकांनी आधीच निवडून ठेवली होती. जहाजांनी आपल्याला पाहावे म्हणून बांधलेल्या मनोऱ्यांवरून आता जहाजांना पाहिले जाते.

या साखळीचा हेतू संरक्षणाचा आहे. पाण्यात पडलेल्या एकट्या माणसासाठी ती नाही. छोट्या बोटींसाठी आपल्याकडे भर दिला गेला तो वेगळ्या दिशेला : २०१० पासून मच्छीमारांना दिले जाणारे, उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला संकटाची सूचना पोहोचवणारे डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर. ही योजना डालेनच्या दिव्याच्या कुळातली आहे. संकटातला माणूस स्वतः सांगतो, मी इथे आहे. ते उपकरण बोटीवर असते, आणि रात्री डोल जाळे ओढताना तोल जाऊन पाण्यात पडलेल्या खलाशाच्या हातात ते नसते. त्याला शोधायला त्याच्या बोटीवरच्या सोबत्यांपाशी अजूनही बहुधा हातातली बॅटरी आणि हाक, एवढीच साधने असतात, जवळपास लोपाशी होती तीच.